जुन्या बाजारातला डोळा

कॅमेऱ्याचा डोळा इतका लहान असतो हे मला उघडून बघेपर्यंत माहीत नव्हतं. लेन्सच्या मागे, करंगळीच्या नखाएवढा निळसर चौकोन. जे दिसतं ते सगळं त्याच्यावरच उमटतं म्हणे.

इंदुरात माझ्या ओळखीचं कुणी नसताना काकूंनी मला खोली दिली. त्यांचा डिजिटल कॅमेरा पडून बंद झाला होता. मी आठवीत शाळा सोडलेला. हात लावायची भीती वाटली. "अरे, मोडलेलाच आहे. आणखी किती मोडशील?" काकू म्हणाल्या. मग जुन्या बाजारातून त्याच बनावटीचा, पडदा फुटलेला कॅमेरा आणला आणि त्याची लेन्स डोळ्यासकट काकूंच्या कॅमेऱ्यात बसवायला घेतली.

स्क्रू पिळताना सारखं मनात येत होतं, या डोळ्यानं आजवर काय काय पाहिलं असेल? कुणाचं लग्न, कुठला समुद्र? आता काकूंचं स्वयंपाकघर त्याला परकं वाटेल का? मला तर पहिले कितीतरी दिवस वाटलं होतं.

कॅमेरा सुरू झाला! काकूंचा फोटो काढला आणि पडद्यावर पाहिला. त्यांच्या गालावर काळा ठिपका. भिंतीचा काढला, तर तिथेही तोच. डोळ्यावर आधीचीच धूळ बसली होती.

"काकू, परत उघडून पुसतो. लगेच."

कॅमेरा नाकाशी धरून काकू बघत राहिल्या.

"हात लावशील तर खबरदार," त्या म्हणाल्या. "किती वर्षांनी कुणी मला तीट लावलीय."