मास्तरांची मागची चाकं

ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या मास्तरांचा उजवा पाय बावीस वर्षं ब्रेकवरच राहिला. शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटपुढे त्यांच्यासाठी एक जादा ब्रेक बसवलेला होता. त्या पायाला अशी काही सवय लागली होती, की बायकोने घरात मिक्सर जोरात फिरवला तरी मास्तर सोफ्यावर बसल्या बसल्या फरशी दाबायचे.

इतका सावध माणूस. पण समोरच दुसरा क्लास निघाला, त्यांच्याकडे नवीकोरी लाल गाडी, आणि तिच्यापुढे मास्तरांची पांढरी गाडी दवाखान्यातून नुकतीच सोडल्यासारखी दिसू लागली. मास्तर आतून खट्टू झाले. नेमक्या त्याच आठवड्यात टायरच्या दुकानात त्यांना दोन रुंद, चकचकीत चाकं दिसली.

"ही बसव मागे."

"नुसती मागे?" टायरवाला म्हणाला. "मास्तर, तुमच्या गाडीचं इंजिन पुढची चाकं फिरवतं. घोडा पुढे धावतोय, आणि नाल तुम्ही बग्गीला ठोकताय."

"पकड वाढते."

"कुणाची?"

मास्तरांनी पैसे मोजले. चाकं बसली. गाडी मागून दोन बोटं उंच झाली आणि टायर दोन्हीकडून अंगठाभर बाहेर आले. मास्तरांनी तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. बायको खिडकीतून म्हणाली, "शिंक येत असल्यासारखी दिसतेय."

त्यानंतरच्या दोन परीक्षांत तीन जण नापास झाले. परीक्षेच्या मैदानावर दोन पांढऱ्या पट्ट्यांमधून नागमोडी जायचं असे, आणि पट्टीला चाक लागलं की खेळ खलास. तिघांचंही मागचंच चाक लागलं. मास्तर तिघांवरही उखडले. "लक्ष कुठे असतं? बावीस वर्षांत माझ्या क्लासचं नाव असं मातीत गेलं नव्हतं!" त्यातल्या निवृत्त नर्सबाईंना तर त्यांनी सगळ्या रांगेसमोर झापलं.

नर्सबाई गप्प ऐकून घेणाऱ्यांतल्या नव्हत्या. पुढच्या परीक्षेला पुन्हा मागचं चाक पट्टीवर गेलं, तेव्हा त्या शांतपणे खाली उतरल्या आणि गाडीशेजारी उकिडव्या बसल्या. आधी पुढच्या टायरवर हाताची वीत लावली, मग मागच्या. चष्मा सारखा करून म्हणाल्या, "मास्तर, हिच्या मागच्या दोन्ही पायांना सूज आहे."

रांगेत कोणीतरी खुदकन हसलं.

"ते तसंच असतं," मास्तर म्हणाले. "फॅशन आहे. चालवणाऱ्याला यायला हवं."

खुर्चीवर बसलेल्या परीक्षकांनी मान वर केली. "मग तुम्हीच दाखवा की चालवून."

आता माघार कशी घेणार? मास्तर चालकाच्या जागेवर बसले. पहिलं वळण लोण्यातून सुरी जावी तसं गेलं. दुसरंही गेलं. तिसऱ्या वळणावर त्यांनी आरशात पाहिलं, तर मागचं डावं चाक पांढऱ्या पट्टीवर आरामात बसलेलं. सवयीने त्यांनी ब्रेक दाबला, पण तो पाय जादा ब्रेकवर जायला सरावलेला, इथे जरा जास्तच जोरात पडला. गाडी गचका खाऊन उभी राहिली.

परीक्षकांनी वहीत बघत विचारलं, "नाव काय लिहू?"

सगळं मैदान हसलं. नर्सबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी मास्तरांना पाण्याची बाटली दिली आणि म्हणाल्या, "घोट घोट घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी टायरवाल्याने जुनी चाकं परत बसवली. बसवताना तो एक अक्षर बोलला नाही, आणि तेच मास्तरांना जास्त लागलं.

संध्याकाळी त्यांनी फोन हातात घेतला. मग नापास झालेल्या पहिल्याला लावला. "हॅलो. मी मास्तर. तुमची चूक नव्हती. माझी होती." दुसऱ्याला लावला. तेच शब्द, आवाज जरा कमी.

लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण बायकोने त्यांच्या तोंडून "माझी चूक" कधी ऐकलं नव्हतं. ती ओल्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिसरा फोन नर्सबाईंना लागत असताना ती म्हणाली, "अहो, हा जरा मोठ्याने करा. नळ चालू होता, पहिले दोन नीट ऐकू आले नाहीत."