गप हाय म्हंजी पसंत हाय

मुरूम गावच्या वाचनालयात परवा एका कादंबरीवर चर्चा होती. त्यातली वयात येणारी नायिका तिला बघण्याच्या कार्यक्रमात एक शब्दही बोलत नाही. एक सर म्हणाले, "किती सुंदर मौन!" माझं डोकंच फिरलं. मौन सुंदर कुणाला वाटतं? ज्याला उत्तर ऐकायचंच नसतं, त्याला! तेवढ्यात चहा-पोहे आले आणि त्या वासानं मला थेट आमच्या बैठकीत नेऊन बसवलं.

ताई बारावीत होती. तिला उमरग्याला नर्सिंगला जायचं होतं. साडीत आवळून तिला पाटावर बसवलेलं, शेजारी मी. समोर पाहुणे, दारात काका. पाहुण्यांनी नाव विचारलं, स्वयंपाक विचारला. लग्न करायचंय का, हे कुणीच विचारलं न्हाय. पदराखाली ताई माझ्या तळहातात नखं रुतवत होती.

"पोरगी लई गप हाय की," पाहुणीबाई म्हणाल्या.

काका हसले. "अवो, गप हाय म्हंजी पसंत हाय. फोडा सुपारी!"

तेव्हा वाटलं, ताई घाबरलीय. आज कळतं, ती नाही म्हणत होती. आणि भरल्या बैठकीत ते ऐकायला फक्त माझा हात होता.