देवाची भुवई
लेकीच्या इंग्रजी शब्दकोशात वाचलं की ‘सुपरसिलियस’ म्हणजे तुच्छतेने बघणारा आणि त्या शब्दाचं लॅटिन मूळ म्हणजे भुवई. लगेच पेणच्या गणपती कारखान्यातल्या ओल्या रंगाचा वास आला. तिथे कामाला असताना एकदा मी श्वास रोखून मूर्तीचे डोळे आखत होते. रोह्याहून आलेल्या गिऱ्हाइकाने एक भुवई उचलून मालकांना विचारलं, “डोळे बाई आखणार व्हय?” राग थेट ब्रशात उतरला आणि देवाचीही एक भुवई वर चढली. “काय केलंस गो!” मालक फडकं घेऊन धावले. माझी नोकरी गेल्यात जमा होती. गिऱ्हाईक मूर्तीकडे बघत राहिलं; देव त्याच्याकडे अगदी त्याच्यासारखाच बघत होता. मग गिऱ्हाइकाची भुवई खाली आली. “पुसू नका,” म्हणत त्याने हात जोडले. अजून दरवर्षी तो माझ्याकडूनच डोळे आखून घेतो. भुवया होईपर्यंत मी त्याला दाराबाहेर उभा करते.