दोनाचे चार, अर्धीची अख्खी

सुमी दवाखान्याच्या बाकावर आडवी होती. हाक मारली की डोळे उघडायची आणि पुन्हा मिटायची. पाच वर्षांची पोर, सकाळचे अकरा वाजलेले.

“आक्का, चार दिवस झालं अशीच हाय,” तिची आई शांतव्वा म्हणाली. “घास तोंडात धरून झोपती.”

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. बेळगावच्या एका धर्मादाय दवाखान्यात मी फार्मासिस्ट होते. शांतव्वा वडगावची, घरी हातमाग. सुमीला फिट्स येत, त्यासाठी रोज अर्धी गोळी चालू होती. त्या गोळीनं गुंगी येते. सुमी पेंगायला लागली म्हणून डॉक्टरांनी डोस कमी करून पाव केला होता.

डॉक्टरांनी तिला तपासलं आणि माझ्याकडे वळले. “डोस कमी केल्यावर पोर जास्त कशी झोपते?”

मी पाकीट घेऊन गोळ्या मोजल्या. सात दिल्या होत्या, अठ्ठावीस दिवस पुरायच्या. पाच दिवसांत दोनच उरल्या होत्या.

“रोज किती दिलीस?”

“अख्खी. तुम्हीच लिवलंय की. आधीच्या पाकिटावर खाली दोन हुतं, ह्याच्यावर चार. दोनाचं चार झालं, मग अर्धीची अख्खी न्हवं व्हय?”

पाकिटावर माझंच अक्षर होतं. १/४. शांतव्वा दुसरी शिकलेली. अजिबात न शिकलेल्या बाईनं ‘किती देऊ?’ विचारलं असतं, मी ‘पाव’ म्हटलं असतं, विषय संपला असता. तिला आकडे येत होते म्हणून तिनं विचारलं नाही. रांग मोठी होती म्हणून मी बोलले नाही.

डॉक्टर म्हणाले, आज गोळी नको, अंगात आहे तेवढी पुरे, उद्यापासून पाव, संध्याकाळपर्यंत पोरीला इथंच ठेवा. शांतव्वानं पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं.

“माझा हात न्हाय चालायचा आता. तुम्हीच द्या रोज.”

ते जमणारं नव्हतं, आणि गोळी चुकली की फिट ठरलेली. मी तिला समोर बसवलं. एक भाकरी दोघांत वाटली तर, चौघांत वाटली तर, असं सांगितलं. ती भिडेखातर मान हलवत होती. मध्येच थांबली.

“म्हंजे सुताच्या नंबरागत?”

मला सुतातलं काही कळत नव्हतं. मग तिनं मला शिकवलं.

“वीस नंबर जाड, चाळीस नंबर बारीक. कापूस तेवढाच, पर लई लांब वडायचा. आकडा चढंल तसं सूत उतरतंय.”

“मग खाली तीन असलेलं मोठं, की चार असलेलं?”

“तीनवालं. जाड हाय ते.”

“आणि आठ असेल तर?”

“काय उरतंय त्यात,” ती म्हणाली आणि पाकीट उचलून पदरात बांधलं.

चार वाजता सुमी उठून बसली. चुरमुरे मागितले, त्यातले निम्मे माझ्या रजिस्टरवर सांडले. शांतव्वा तिला रागवायला लागली. मी म्हटलं, “सांडू दे गं.” दिवसभर मी त्याचीच वाट पाहत होते.

तेव्हापासून मी पाकिटावर अक्षरात ‘पाव’ लिहायला लागले, शेजारी कापलेल्या गोळीचं चित्र. आणि नवीन पेशंट आला की आधी विचारायचं, घरी काय काम चालतं?

“औषध देताय की सोयरीक जमवताय?” डॉक्टर एकदा म्हणाले.

माणसाला बरंचसं आधीच येत असतं. कुठल्या कामातून येतं, तेवढं विचारून घ्यावं. अर्धं मिनिट लागतं.