निधनवार्ता वाचणारी रुस्मियाती

रुस्मियाती रेडिओवर निधनवार्ता वाचते. ही नोकरी आमच्या मागेलांगसारख्या शहरातच असू शकते, हे आधी सांगून टाकतो. खेड्यात कुणी गेलं तर कुंपणावरून हाक मारली की भागतं. जकार्तात वाचायला बसलं तर दिवस पुरायचा नाही, आणि ऐकणाऱ्याला त्यातलं एक नाव ओळखीचं निघायचं नाही. आमच्याकडे मात्र सकाळच्या गाण्यांमध्ये तिचा आवाज आला की बाजारात भाजी निवडणाऱ्या बायकांचे हात थांबतात, न्हावी वस्तरा वर धरून उभा राहतो. नाव कळलं की कुणी ना कुणी उठतं, सदरा बदलतं आणि त्या घराकडे निघतं.

जकार्ताच्या एका रेडिओकडून तिला दोनदा बोलावणं आलं. जाहिराती वाचायच्या होत्या. आम्ही सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं, ही गेली कशी नाही म्हणून. ती म्हणाली, "इथं मी नाव घेतलं की कुणीतरी चपला घालतं. तिथं मी साबणाचं नाव घेणार. कोण उठणार आहे?"

आता तिचा आवाज. तो तिला कुठल्या शाळेत मिळाला नाही, बेचाकवर मिळाला. बेचाक म्हणजे आमची तीनचाकी सायकलरिक्षा; तिच्यात बसणारा पुढं असतो आणि चालवणारा त्याच्या पाठीमागं. रुस्मियाती लहान असताना तिची आई कापडाच्या दुकानात कामाला होती, बाप नव्हता. बेचाकवाले गेंदोनकाका तिला रोज शाळेत सोडायचे. पोरगी पुढं बसून बारीक आवाजात काहीतरी सांगायची आणि मागून काका ओरडायचे, "अगं, वाऱ्याला काय सांगतेस? मला सांग. शब्द सुटा बोल, सावकाश बोल." पुढं बसून मागच्या माणसाला ऐकू जाईल असं बोलायचं, तेही टिडार टेकडीच्या चढावर त्यांना लागलेली धाप ऐकत. तिथं तिचा गळा तयार झाला. रेडिओच्या मुलाखतीलाही त्यांनीच नेलं आणि भाडं घेतलं नाही. "निवड झाली तर रोज फुकट ऐकीन," म्हणाले.

गेंदोन हे काही नाव नव्हे. गेंदोन म्हणजे लाकडात सापडते ती जाडी पांढरी अळी. लहानपणी गुबगुबीत होते म्हणून कुणीतरी चिकटवलं. पुढं पायडल मारून मारून माणसाची काठी झाली, तरी नाव हटलं नाही. त्यांचं कागदावरचं नाव काय, हे अख्ख्या शहरात कुणी कधी विचारलंच नाही. आमच्याकडची ही जुनी खोड आहे. कुणाचं खरं नाव विचारणं म्हणजे चौकशीला आल्यासारखं वाटतं.

त्या दिवशी सकाळी तिच्या टेबलावर इतर कागदांबरोबर एक कागद आला. श्रीयुत मार्तोदिहार्जो, वय चौऱ्याहत्तर, राहणार शहराबाहेरची नवी वसाहत, दफन दुपारच्या नमाजानंतर. खाली मुलीचं नाव, रेत्नोवाती. रुस्मियातीनं नेहमीसारखं संथ वाचलं, ईश्वराकडून आलो आणि त्याच्याकडेच जाणार असं म्हटलं आणि गाणं लावायची खूण केली. मग खाली जाऊन भात-टोफू खाल्लं. आपण काय वाचलं याची तिला गंधवार्ताही नव्हती.

दहाच्या सुमारास त्या वसाहतीचे प्रमुख, सुप्राप्तो नावाचे गृहस्थ, घामाघूम होऊन रेडिओ केंद्रावर आले.

"ताई, ती सकाळची बातमी पुन्हा वाचा. मांडव घातलाय, खुर्च्या मांडल्यात आणि बसलेत चौघं. आमची वसाहत नवी, लोक कामावर गेलेले. जनाजा उचलायला तरी माणसं नकोत का?"

"नातेवाईक?"

"एक मुलगी. जकार्ताला असते. तिनंच दोन वर्षांपूर्वी बापाला हे घर घेऊन दिलं. म्हातारा आमच्यात फारसा मिसळला नाही. पूर्वी बेचाक चालवायचा म्हणे. अजून ठेवलीय मागच्या अंगणात. हिरवी, घंटेच्या जागी पितळी वाटी."

ती वाटी रुस्मियातीच्या आईनं दिली होती.

"गेंदोनकाका," ती म्हणाली. वीस वर्षं दुसऱ्यांची माणसं वाचली, आणि स्वतःचं माणूस वाचताना आवाज हललासुद्धा नाही. हे तिच्या जिव्हारी लागलं.

ती सुप्राप्तोंच्या स्कूटरवर मागं बसून वसाहतीत गेली. घर छान होतं, स्वच्छ रंग दिलेला. समोर खुर्च्यांच्या रांगा आणि त्यात शेजारचे चार म्हातारे, मध्ये जागा सोडून बसलेले. रेत्नो बापाच्या उशाशी होती. रात्रीच्या बसनं आलेली, डोळे सुजलेले.

"रेत्नो, मी रुस्मी. कापडवालीची."

"ओळखलं ताई. तुम्ही नाव छान वाचलंत. पूर्ण वाचलंत."

"म्हणूनच कुणी आलं नाही गं. हे नाव कुणाला माहीत आहे? मला माहीत नव्हतं. मला पुन्हा वाचू दे. गेंदोन म्हणून."

रेत्नो ताठ झाली. "रेडिओवर माझ्या बापाला अळी म्हणणार तुम्ही? आज? शाळेत पोरं माझ्या पाठीमागं वळवळत चालायची, अळीची पोरगी म्हणून. मी जकार्ताला का गेले असं वाटतं तुम्हाला? मी त्यांना घर दिलं, दारावर नावाची पाटी लावली. निदान जाताना तरी त्यांना त्यांच्या नावानं जाऊ द्या."

पोरीचं काही चुकत नव्हतं. रुस्मियातीनं खाली बसून काकांच्या पायावरची चादर नीट केली. त्या पिंडऱ्या तिनं उभ्या आयुष्यात कधी नीट पाहिल्या नव्हत्या. ती कायम पुढं बसलेली.

"तुला लाज वाटली ते खरं," ती शेवटी म्हणाली. "पण बाजारात आत्ता कुणीतरी विचारत असेल, गेंदोन बऱ्याच दिवसांत दिसला नाही. ते उद्याही विचारतील, परवाही विचारतील. त्यांना कुणी सांगायचं?"

रेत्नो तोंड फिरवून म्हणाली, "करा तुम्हाला काय करायचं ते."

केंद्रावर तिथले प्रमुख हार्तोयोसाहेब आडवे आले. "निधनवार्तेत टोपणनाव घेत नाहीत, तुला मी सांगायला हवं? गेलेल्या माणसाचा मान असतो."

"मान द्यायला माणसं लागतात, साहेब. चौघं बसलीत तिथं."

"तक्रारी येतील."

"माझ्या नावावर घ्या," असं म्हणून ती आत जाऊन बसली आणि चालू गाणं मध्येच बंद करायला लावलं.

"सकाळी मी श्रीयुत मार्तोदिहार्जो यांची बातमी वाचली," ती म्हणाली. "तेव्हा मला कळलं नाही. तुम्हालाही कळलं नसेल. आपले गेंदोन गेले. हिरव्या बेचाकवाले गेंदोन." एवढं म्हणून तिला पुढं बोलवेना. रेडिओवर नुसती शांतता होती. आम्ही सगळ्यांनी ती ऐकली. मी स्वतः दुकानात उभा होतो, गिऱ्हाईक समोर, आणि दोघंही रेडिओकडे पाहत राहिलो. मग तिनं पत्ता सांगितला, शब्द सुटा, सावकाश.

नमाजाच्या आधीच वसाहतीचा रस्ता भरला. बेचाकवाले आपापल्या बेचाक घेऊन आले, वाकलेले, खोकणारे. बाजारातल्या बायका तांदूळ घेऊन सरळ मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरल्या. कचेरीतले साहेब आले, ज्यांना गेंदोननी कधीकाळी शाळेत सोडलं होतं. खुर्च्या कमी पडल्या आणि लोक ओट्यांवर बसले.

जनाजा अंगणात आणला. मशिदीतले वयस्क मोदिन, दफनविधी करणारे, पुढं झाले आणि आमच्या तीनदा विचारायच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी जमलेल्यांना विचारलं, "मार्तोदिहार्जो, चांगला माणूस होता की नव्हता?"

"चांगला," लोक म्हणाले. पण पुटपुटत, एकमेकांकडे पाहत. त्या नावाच्या माणसाबद्दल ते काय सांगणार?

मोदिननी दुसऱ्यांदा विचारलं. तसंच झालं.

तिसऱ्यांदा विचारायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात रेत्नो त्यांच्याजवळ गेली. रुस्मियाती बाजूलाच उभी होती, तिला ऐकू आलं.

"गेंदोन म्हणा," रेत्नो म्हणाली.

मोदिननी तिच्याकडे पाहिलं, मग लोकांकडे. "गेंदोन, चांगला माणूस होता की नव्हता?"

"चांगला," सगळं अंगण एका आवाजात म्हणालं. जनाजा खांद्यावर गेला. आणि लोक फाटकाकडे वळले तेव्हा, सगळ्यांच्या मागून, एकटीच, रेत्नो म्हणाली, "चांगला."