कपवालं भाषण

विद्यापीठाच्या डिबेट क्लबात माझी निवड झाली ती विचारांमुळे नाही, आवाजामुळे. चाचणीच्या दिवशी माईक बिघडला होता. बाकीचे तो दुरुस्त व्हायची वाट बघत बसले, मी उभी राहिले आणि शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं बोलले. एक सिनियर मुलगी म्हणाली, "आवाज कितना खुला है तेरा! कहाँ सीखा?"

गोडादऱ्यातल्या आमच्या घरी सगळे असेच बोलायचे. बाबांचं सारं आयुष्य कापडाचे लूम चालवण्यात गेलं. खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, ओळीनं यंत्रं खडखडत असतात, तिथं शेजारच्याचंही ऐकू येत नाही. कारागीर एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखतात. बाबाही तसेच. त्यांच्याशी बोलायचं तर समोर जायचं, ओठ नीट हलवायचे, वर आवाजही चढवायचा. पण कान गेलेत हे त्यांनी कधी कबूल केलं नाही. "माले सम्दं आयकू येस," म्हणायचे. कुणी डॉक्टरचं नाव काढलं की ताट सरकवून उठायचे.

पहिल्या मोठ्या स्पर्धेचा विषय होता, लूम शहराबाहेर हलवावेत की नाही. चिठ्ठीत मला 'हलवावेत' अशी बाजू आली. क्लबातल्या कुणीही खातं आतून पाहिलेलं नव्हतं. त्यांना माझं केवढं कौतुक! लूमच्या आवाजानं काय होतं याचा तुझ्या घरातच पुरावा आहे, म्हणाले. हातच्या काकणाला आरसा कशाला? मी बाबांचे कान भाषणात घातले. घरी आम्ही त्यांना कशा हाका मारतो, ते भलतंच उत्तर कसं देतात, सगळं लिहिलं आणि चांगलं घोटून पाठ केलं.

बाबांनी त्या दिवसाची पाळी दुसऱ्याला दिली. पांढऱ्या शर्टाला इस्त्री करून आणली. म्हणाले, "मी येसू तुनं भाषण आयकाले. एकदम पुढे बठसू, तोंड दिसी असं."

पुढे बसले असते तर एकेक शब्द त्यांनी माझ्या ओठांवरून उचलला असता. मी म्हणाले, "बाहेरन्या लोकेसले आत सोडतस नहीत, बाबा."

"बरं माय," एवढंच म्हणाले. शर्ट घडी करून ठेवला आणि तो दिवस घरी बसून काढला. खरं सांगायचं तर कारण एवढंच नव्हतं. भर सभागृहात ते मोठ्यानं काहीतरी विचारतील आणि क्लबातली मुलं वळून बघतील, याचीही मला धास्ती होती. आज त्याची लाज वाटते. तेव्हा वाटली नाही.

सभागृहाच्या पहिल्या दोन रांगांत नुसते आईवडीलच होते. एकीची आई तर खमणचा डबा घेऊन आली होती. मी बोलले. बाबांच्या कानांपाशी आले तेव्हा दोघीतिघींनी डोळे पुसले. पहिला नंबर आला. परीक्षकांनी कप देताना विचारलं, "पिताजी आए हैं?" मी म्हणाले, "गाँव गए हैं."

घरी बाबा दारातच उभे. कप उलटासुलटा करून पाहिला, मग पाट ओढून माझ्यासमोर बसले. "आते बोल. सम्दं बोल."

वेळ मारून न्यायला मी शाळेत कधीतरी म्हटलेलं स्वच्छतेवरचं भाषण म्हटलं. बाबांनी ओठांवरची नजर हलवली नाही. शेवटी मी म्हणाले, "गाव म्हंजे आपलं घर शे, घरमां कोन्ही उकिरडा करत नही." बाबांनी मान डोलावली. "कप उगाच नही दिधा त्यास्नी," म्हणाले. दुसऱ्या दिवशी खात्यात सगळ्यांना ओठ हलवून हलवून सांगितलं म्हणे.

चार दिवसांनी खरं सांगायचं असं मी ठरवलं होतं. चार दिवस गेले, परीक्षा आली, नोकरी लागली, लग्न होऊन मी पलसाण्याला आले. दर वेळी वाटायचं, पुढच्या खेपेला. मधल्या काळात शुगरनं बाबांचे डोळे नेले. माझे ओठ आता त्यांना दिसत नाहीत.

आता बोलायचं तर कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागतं. बाबांच्या चाळीत दोन घरांमध्ये एकच भिंत. बाबांना चहा विचारला तरी शेजारच्या स्वयंपाकघरात कळतं. तुमच्या बहिरेपणावर मी कप मिळवला, आणि तुम्हाला घरीच अडवलं, हे कसं ओरडून सांगायचं? डोळे होते तोवर मी आवाजही न काढता, नुसते ओठ हलवून माफी मागू शकले असते. भिंतीपलीकडे कुणाला पत्ताही लागला नसता. इतकी वर्षं ती सोय माझ्या घरात होती आणि मी ती वापरली नाही.

मी माहेरी गेले की बाबा हात चाचपत कप शोधतात आणि मांडीवर घेऊन बसतात. "माय, ते कपवालं भाषण म्हन." मी त्यांच्या कानाशी वाकते आणि स्वच्छतेवरचं भाषण ओरडून म्हणते. शेवटचं वाक्य त्यांना पाठ आहे. ते माझ्या आधीच म्हणून टाकतात.