वटवाघळांना हिरवे निशाण

वीतभर पाखराशी जन्मभर उभे वैर धरणारा सोलापुरात एकच इसम होऊन गेला, आणि तो माझा साडू होता, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो. कचेरीबाहेर बसून अर्ज लिहिण्यात माझी हयात गेली. नाना वैरे कागदावर उतरवली, परंतु दयाळ पक्ष्याशी भांडणारा दुसरा पाहिला नाही.

साडूंची नोकरी होटगी स्टेशनावर रूळ बदलणाऱ्या सांधेवाल्याची, कायम रातपाळीची. पहाटे घरी येऊन डोळा लागतो न लागतो तोच दयाळ कौलावर शेपटी उभारून शीळ घाली. "गातंय कुटं? माझं अंगण, माझं अंगण म्हणून वरडतंय!" असे म्हणत साडू डोक्यावरून घोंगडी ओढीत. वटवाघूळ मात्र त्यांना सख्खे. "आमच्यावानी रातपाळीला जातंय. पिल्लू पोटाशी घिऊन उडतंय. दयाळाला जमंल व्हय?" नोकरी संपल्यावर ते आमच्या गल्लीत राहावयास आले आणि रोज दिवेलागणीला तिथल्या मोठ्या चिंचेखाली उभे राहून, तिच्यावरून कामावर निघालेल्या वटवाघळांना रेल्वेचे जुने हिरवे निशाण दाखवू लागले.

पुढे घाणीला व अपशकुनाला कंटाळून गल्लीने ती चिंच तोडण्याचा अर्ज केला. लेखक अर्थात मीच. साडू तणतणत आले.

"आता त्येंच्या बाजूनं लिवा."

"अर्जदार कोण?"

"वटवाघळं."

"अंगठा कोण उठवणार?"

"मी हाय की!"

"साडूभाऊ, नाते काय दाखवू?"

"एका पाळीचं."

उभय पक्षांचे अर्ज लिहिणे ही आमच्या धंद्याची रीतच असल्यामुळे तोही मी लिहिला.

मामलेदारसाहेब सकाळी पाहणीस आले. वर उलटी लटकलेली झुंबड पाहून त्यांनी नाकाला रुमाल लावला. हुकूम सुटणार, इतक्यात त्याच चिंचेवर दयाळ गाऊ लागला. साहेब थबकले. "वा! राहतो कुठे हा?"

साडूंनी टोपी काढली आणि खोडातील ढोलीकडे बोट केले. "हितं घरटं हाय, सायेब. पिल्लं हायती. लई गुणी पाखरू!"

चिंच वाचली. दोन्ही अर्ज माझ्याच हातचे असून अक्षर कोणी ताडून पाहिले नाही, म्हणून माझाही जीव भांड्यात पडला.

"घरटं ठाऊक होतं व्हय तुमास्नी?" मेहुणीने टोमणा मारला.

"वैऱ्यावर नजर ठिवावी लागती की," साडू म्हणाले. परंतु दुसऱ्या पहाटे दयाळ गायला तेव्हा त्यांनी घोंगडी ओढली नाही, असे मेहुणीच सांगते.

आता साडू नाहीत. निशाण माझ्याकडे आहे. दिवेलागणीला पहिले वटवाघूळ चिंचेवरून सुटले, की मी प्रतिष्ठित मनुष्य असल्यामुळे आधी कचेरीतले कोणी पाहत नाही ना, याची खात्री करून घेतो. आणि मग निशाण उघडून धरतो.